चोरून ऐकणारं यंत्र घरात आहे का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

खान्देशातून आलेल्या या वेळच्या पत्रांत एकच धास्ती वेगवेगळ्या शब्दांत दिसते: घरातलं बोलणं बाहेर कुणीतरी ऐकतंय. मजकूर खासगी आहे, म्हणून नावं न देता फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न (रावेर): आमचा केळीचा व्यापार आहे. घराच्या पुढच्या खोलीत बसूनच भाव ठरतात. बागायतदाराला आम्ही काय भाव देणार ते दुसऱ्या दिवशी बाजारात फुटलेलं असतं. ऑनलाइन एक माईक-डिटेक्टर मागवला, तर तो घरभर वाजत सुटतो. सगळीकडेच माईक असतील का?

उत्तर: नाही. असे स्वस्त डिटेक्टर आसपासच्या सगळ्या रेडिओलहरींची एकत्रित ताकद मोजतात. लहर कशाची आहे, हे त्यांना कळत नाही. राउटर, मोबाइल, ब्लूटूथचं घड्याळ, चालू मायक्रोवेव्ह, गल्लीच्या टोकाचा टॉवर, यातल्या कशानेही तो वाजतो. उलट खरा छुपा माईक त्या क्षणी काही पाठवत नसेल, तर त्याच्या अंगावर डिटेक्टर धरला तरी तो गप्प राहील. आणि नुसता आवाज साठवून ठेवणारा पेनड्राइव्हएवढा रेकॉर्डर लहरी सोडतच नाही. तो अशा डिटेक्टरला सापडणार नाही.

म्हणून डिटेक्टर तूर्त बाजूला ठेवा आणि आधी माणसांचा विचार करा. त्या खोलीत कोण बसतं, चहा कोण आणतं, भाव ठरल्यावर कुणाला फोन जातो, कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो? एक साधी चाचणी आहे. एकट्याने त्या खोलीत बसून, बंद फोन कानाला लावून, एक बनावट भाव ठणकावून बोला. तो कुठे लिहू नका, कुणाला सांगू नका. तोच आकडा बाजारातून परत आला, तर खोलीत यंत्र आहे असं धरून चाला. वेगळेच आकडे फुटत राहिले, तर गळती माणसांतून आहे.

आता यंत्राकडे वळू. अशा ठिकाणी बहुतेक वेळा सिमकार्डवर चालणारा छोटा माईक असतो. बाहेरून त्या नंबरावर फोन लावला की रिंग न वाजता तो आपोआप उचलला जातो आणि खोलीतलं बोलणं ऐकू येतं. काही प्रकारांत उलटं असतं: खोलीत आवाज झाला की यंत्रच ठरलेल्या नंबरावर फोन लावतं. मुख्य अडचण विजेची. एवढ्याशा बॅटरीवर ते फार दिवस तग धरत नाही, म्हणून लावणारा त्याला कायम वीज मिळेल अशा वस्तूत बसवतो: यूएसबी चार्जर, मल्टिप्लग, एक्स्टेंशन बोर्ड, इमर्जन्सी लाइट, भिंतीवरचं विजेचं घड्याळ, वायफायचा छोटा यूपीएस. शोध तिथूनच सुरू करायचा.

शोध हाताने आणि डोळ्याने. खोलीत प्लगला लावलेली प्रत्येक वस्तू एका कागदावर लिहा आणि समोर ‘कुणी आणली’ हे लिहा. ज्या वस्तूपुढे नाव येत नाही किंवा जी भेट म्हणून आली, ती आधी तपासा. चार्जरला फोन न लावता दोन-तीन तास प्लगमध्ये राहू द्या. चांगला चार्जर जवळजवळ थंड राहतो. आत असं सिमवर चालणारं (जीएसएम) यंत्र असलं तर तो कोमट लागतो, आणि हातात तोलून पाहिला तर तशाच दुसऱ्या चार्जरपेक्षा जड भरतो. मग यूएसबीच्या भोकात टॉर्च मारून पाहा. काही बनावट चार्जरमध्ये ते भोकच चिमट्याने बाहेर ओढता येतं आणि त्याच्या पाठीवर सिमची खाच असते. कडेला सुईच्या टोकाएवढं, कारण नसलेलं छिद्र दिसलं तर तो माईक असू शकतो.

यानंतर रेडिओ. घरात जुना मीडियम वेव्हचा, सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर असेल तर तो काढा. घरातले सगळे मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, शेजारच्यांचेही लांब ठेवा. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधली रिकामी जागा लावा, आवाज वाढवा आणि प्रत्येक चार्जर-बोर्डापासून चार बोटांवर धरा. टू-जी लहर ठोक्याठोक्याने जाते, सेकंदाला साधारण २१७ ठोके, म्हणून ती रेडिओत ‘टर्र टक-टक टर्र’ अशी घुमते. फोन वाजायच्या आधी स्पीकरमध्ये जो आवाज येतो, तोच हा.

यंत्र झोपलेलं असेल तर काहीच ऐकू येणार नाही, त्याला जागं करावं लागतं. त्यासाठी दोन उपाय. पहिला, दुसऱ्या माणसाने खोलीत मोठ्याने बोलत राहायचं, म्हणजे आवाजावर चालणारा प्रकार फोन लावू लागेल. दुसरा उपाय जास्त खात्रीचा: मेन स्विच पाच मिनिटं बंद करा, रेडिओ संशयित बोर्डाजवळ धरा आणि घरातल्या दुसऱ्याला मेन चालू करायला सांगा. वीज येताच सिमचं यंत्र टॉवरला हजेरी लावतं आणि त्या पहिल्या एक-दोन मिनिटांत टर्र-टर्र बहुधा येते. आपल्याकडे लाइट जाणं नवीन नाही, तेव्हा कुणाला संशयही येत नाही. आत स्वतःची बॅटरी असलेलं यंत्र मात्र या युक्तीने नव्याने सुरू होणार नाही. फोर-जीवर चालणाऱ्या यंत्राचा आवाजही रेडिओत असा उमटत नाही. टर्र आली तर संशय बळकट, पण रेडिओ गप्प राहिला म्हणून घर स्वच्छ असं समजू नका.

तुमचा डिटेक्टर वापरायचाच असेल, तर राउटरसह सगळं बंद करून आधी अंगणात त्याची संवेदनशीलता इतकी कमी करा की शेवटचा दिवा नुकता विझेल. मग खोलीत प्रत्येक वस्तूपासून पाच-दहा सेंटिमीटरवर सावकाश फिरवा. अंतर निम्मं झालं की लहरीची ताकद सुमारे चौपट होते, त्यामुळे खरी वस्तू जवळ गेल्यावर एकदम उसळी दाखवते. टॉवरची लहर खोलीभर सारखीच राहते.

भिंतीतला बोर्ड उघडायचा असेल तर एमसीबी खाली पाडून, टेस्टरने तपासून आणि ओळखीच्या वायरमनकडूनच. बोर्डाच्या मागे दोन वायरी फेज-न्यूट्रलवरून निघून एखाद्या डबीत जात असतील आणि त्या डबीचं काम वायरमनला सांगता येत नसेल, तर तिथेच थांबा. पुढे काय करायचं ते शेवटच्या उत्तरात आहे.

प्रश्न (धुळे): महावितरणने नवा स्मार्ट मीटर बसवला. त्यातून घरातलं बोलणं ऐकतात असं गल्लीत बोललं जातं. खरं का?

उत्तर: खोटं आहे. स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ हे भारतीय मानक आहे आणि त्या यंत्रणेत माईकचं काही काम नाही. मीटर युनिटचे आकडे ठरावीक अंतराने सिमवरून किंवा रेडिओवरून पाठवतो. त्यामुळे त्याच्याजवळ डिटेक्टर अधूनमधून वाजतो आणि अफवेला बळ मिळतं. मीटरचं सील तोडून आत डोकावू नका, तो गुन्हा ठरतो.

प्रश्न (जळगाव): राउटरच्या यादीत चौदा उपकरणं दिसतात. आम्ही घरात चौघं. बाकीची कोणाची?

उत्तर: चौघांचे फोन, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप, कॅमेरा, स्मार्ट बल्ब आणि प्लग धरले तर चौदा हा आकडा सहज होतो. तरी मोजून घ्या. राउटरच्या तळाला चिकटवलेल्या लेबलवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाकून जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा आणि घरातली एकेक वस्तू बंद करत जा. यादीतून जे नाव गळेल ते त्या वस्तूचं. ‘एस्प्रेसिफ’ किंवा ‘तुया’ असं नाव दिसलं तर दचकू नका, बहुतेक स्मार्ट बल्ब आणि प्लग याच नावांनी दिसतात. मोबाइल हल्ली खोटा, बदलता मॅक पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) देतात. पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा असा फोनच.

सगळं बंद केल्यावरही एखादं नाव उरलं, तर वायफायचा पासवर्ड बदला. नवा किमान बारा अक्षरांचा, आणि वायफायच्या सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए-२ किंवा ३. सोबत डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा, राउटरचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड बदला आणि बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद ठेवा. टीव्ही, कॅमेरा आणि बल्ब यांना गेस्ट नेटवर्कवर (राउटरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) टाका, फोन आणि लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर. आवाज सतत बाहेर जात असेल तर तो डेटा खातो: साध्या ३२ केबीपीएस दर्जाला तासाला साधारण १४ एमबी. राउटर उपकरणागणिक वापर दाखवत असेल तर रात्री सगळे झोपल्यावर कोण अपलोड करतंय ते पाहा. नुसत्या बल्बला तासाला १४ एमबी लागत नाहीत.

एक जागा बहुतेक जण विसरतात: सीसीटीव्ही बसवणारा. बसवताना त्याने स्वतःच्या फोनवर ॲप जोडलेलं असतं आणि डीव्हीआरचा (चित्रण साठवणाऱ्या डब्याचा) पासवर्ड त्यानेच ठेवलेला असतो. हल्लीच्या कॅमेऱ्यांत माईक असतो, म्हणजे ओट्यावरचं आणि बैठकीतलं बोलणंही त्याला ऐकता येतं. डीव्हीआरच्या वापरकर्त्यांच्या यादीतून जुनी खाती काढा, क्लाउड खातं स्वतःच्या नावावर नव्याने जोडा आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ बंद करा. नवा कॅमेरा घेताना एसटीक्यूसी (सरकारी तपासणीचं) प्रमाणपत्र मागा. सिमवर चालणारं किंवा स्वतःचंच हॉटस्पॉट काढणारं यंत्र मात्र तुमच्या राउटरच्या यादीत येणारच नाही, ते वर सांगितल्याप्रमाणे हातानेच शोधावं लागतं.

प्रश्न (शहादा): पुण्याच्या मुलाने स्मार्ट स्पीकर पाठवला. परवा आम्ही दोघं जेवत असताना त्यातून एकदम त्याचाच आवाज आला, ‘आई, औषध घेतलं का?’ आम्ही काहीच उचललं नव्हतं. मग तो रोजच ऐकतो का?

उत्तर: वर्णनावरून तो अमेझॉनचा अलेक्सावाला ‘इको’ स्पीकर असावा. त्यात ‘ड्रॉप इन’ नावाची सोय आहे. परवानगी दिलेला माणूस समोरच्याने न उचलता थेट बोलू आणि ऐकू शकतो. तो जोडलेला असतो तेव्हा स्पीकरवर हिरवा दिवा फिरतो. मुलाचा हेतू काळजीचाच असेल, पण तुमच्या घरात कधी ऐकायचं हे तुम्ही ठरवायचं. अलेक्सा ॲपमध्ये त्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये कम्युनिकेशनखाली ड्रॉप इन बंद करा. त्याला सांगा की आधी फोन करत जा. वरचं माईकचं बटण दाबलं की लाल दिवा लागतो, म्हणजे माईक बंद. देवघर किंवा झोपायची खोली यांपैकी कुठेच हा स्पीकर ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कंपनीकडे काय जातं, तेही जाणून घ्या. ‘अलेक्सा’सारखा शब्द ऐकू आला असं वाटल्यावरचा तुकडा कंपनीच्या सर्व्हरवर जातो, आणि चुकीने ऐकलेला शब्दही पुरतो. मे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलँडमध्ये एका कुटुंबाचं घरातलं बोलणं इकोने रेकॉर्ड करून त्यांच्याच ओळखीच्या एकाला पाठवलं होतं. जुलै २०१९ मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी वाहिनीने दाखवून दिलं की गुगल असिस्टंटच्या काही ध्वनिफिती कंत्राटी माणसं ऐकत होती. आवाज कंपनीकडे न पाठवण्याचा जो पर्याय काही इको स्पीकरांवर होता, तोही अमेझॉनने २८ मार्च २०२५ पासून काढून टाकला. ॲपच्या प्रायव्हसी भागात आवाजाचा इतिहास उघडून जुन्या फिती पुसा आणि साठवण ‘नको’ अशी ठेवा.

प्रश्न (अमळनेर): मी माहेरी आईशी काय बोलते ते सासरी जसंच्या तसं कळतं. फोन नवऱ्याने घेऊन दिलेला आहे. घाबरून मी फोनवर बोलणंच सोडलंय.

उत्तर: ताई, आधी एक काळजीची सूचना. हे ज्याने लावलं त्याला राग आला तर तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटत असेल, तर फोनमध्ये काहीही काढू नका. ॲप गायब झालं की त्याला लगेच कळतं. शेजारणीच्या किंवा शाळेतल्या फोनवरून १८१ (महिला मदतवाहिनी) किंवा ११२ (तातडीची मदत) ला बोला, नाहीतर जिल्ह्याच्या सखी केंद्रात (महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र) जा. बोलायला जाताना स्वतःचा फोन घरीच ठेवा.

तसा धोका नसेल तर पुढे वाचा. फोनमध्ये चोरून ऐकणारं ॲप असेल, तर ते बहुधा फोन हातात घेऊनच टाकलेलं असतं. अँड्रॉइड १२ आणि त्यापुढे माईक वापरात आला की वर उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण येते, आयफोनवर आयओएस १४ पासून केशरी ठिपका. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडा, गेल्या चोवीस तासांत कोणत्या ॲपने माईक किती वाजता घेतला ते तिथे दिसतं. मग तीन ठिकाणं पाहा: ॲक्सेसिबिलिटी, डिव्हाइस ॲडमिन ॲप्स आणि अनोळखी ॲप टाकण्याची परवानगी. ‘सिस्टिम सर्व्हिस’ किंवा ‘सिंक’ अशा भोळ्या नावाचं ॲप ॲक्सेसिबिलिटीत चालू असेल, किंवा प्ले प्रोटेक्ट (ॲप तपासणारी गुगलची सोय) कुणीतरी बंद केलेलं असेल, तर संशय रास्त आहे. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा. तिथे तुम्ही न जोडलेला संगणक असेल तर लॉग आउट करा.

कॉल फॉरवर्डिंगबद्दल बरेच गैरसमज आहेत. त्याने चालू बोलणं ऐकता येत नाही, तुमच्याकडे येणारा फोन दुसऱ्याकडे वळतो एवढंच. फोनच्या कॉल सेटिंगमध्येच ते पाहा. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून फॉरवर्डिंग करण्याची सोय बंद करायला सांगितली आहे, तेव्हा *#२१# दाबून उत्तर आलं नाही तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

तुमच्या वर्णनावरून आणखी एक शक्यता वाटते. तुम्ही बोलता त्या खोलीत दुसऱ्या कुणाचा फोन ‘विसरून’ राहिलेला असतो का? आयफोनमधल्या ‘लाइव्ह लिसन’ने आणि अँड्रॉइडच्या ‘साउंड ॲम्प्लिफायर’ने खोलीतल्या फोनचा माईक दुसऱ्या खोलीतल्या इअरबडवर ऐकता येतो. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेली चांगली सोय आहे ती, पण तिचा असाही वापर होतो. ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंतीतून तो बराच कमी होतो, पातळ विटांच्या भिंतीतून सहज जातो. उशाशी सुटा इअरबड सापडला तर त्याचाही माईक म्हणून उपयोग होतो. बोलायला बसताना असा फोन उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवा, कारण सांगायची गरज नाही.

ॲपची खात्री पटली तर दुसऱ्याच फोनवरून गुगलचा पासवर्ड बदला, मग फोन फॅक्टरी रिसेट करा आणि जुना बॅकअप परत घेऊ नका, नाहीतर ते ॲपही परत येतं. स्क्रीनचा पिन नवा, आणि दुसऱ्या कुणाचं बोट नोंदलेलं असेल तर ते काढा.

कायद्याचं थोडक्यात. बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी पती-पत्नीतलं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल असं म्हटलं आहे. तो निकाल पुराव्यापुरता आहे, फोनमध्ये हेर ॲप टाकायचा परवाना नव्हे. वकिलाशी बोलताना मात्र तो लक्षात असू द्या.

प्रश्न (चाळीसगाव): शेतात ठिबकच्या नळ्यांबद्दल बोललो आणि संध्याकाळी मोबाइलवर ठिबकचीच जाहिरात. फोन ऐकतो ना?

उत्तर: तसं वाटणं साहजिक आहे, पण पुरावा वेगळं सांगतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासले. चोरून आवाज पाठवणारं त्यांना सापडलं नाही, स्क्रीनची चित्रं पाठवणारी मात्र सापडली. तुम्ही ज्याच्याशी बोललात त्याने ठिबक शोधलं, दोघांचे फोन एकाच जागी होते, आणि हंगामही ठिबकचा. जाहिरातवाल्याला एवढं पुरतं. माईकची परवानगी ज्या ॲपला कारण नाही त्याची काढा, लोकेशन ‘वापरतानाच’ ठेवा आणि जाहिरात आयडी (जाहिरातवाले तुमचा फोन ज्यावरून ओळखतात तो क्रमांक) पुसून टाका.

प्रश्न (भुसावळ): सरळ जॅमर आणून लावला तर?

उत्तर: मुळीच नको. खासगी माणसाने जॅमर विकत घेणं आणि वापरणं दोन्ही बेकायदा आहे, परवानगी केंद्राच्या मंत्रिमंडळ सचिवालयाकडून लागते. शेजारच्या आजोबांनी रात्री १०८ लावला आणि फोन लागला नाही, तर जबाबदारी तुमची. नाजूक बोलणं असेल तर सगळे फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मळ्यात किंवा गच्चीवर बोला. कूलर किंवा पंखा मोठा करून बोलण्याचा थोडा उपयोग होतो, पण एकसुरी घरघर रेकॉर्डिंगमधून बरीचशी गाळता येते.

प्रश्न (नंदुरबार): भाड्याच्या घरात मल्टिप्लगमध्ये सिम असलेलं यंत्र सापडलं आहे. ते फोडून फेकू का?

उत्तर: फोडू नका, ते तुमच्या हातातलं सर्वांत मोठं साधन आहे. जागेवर असतानाच चारही बाजूंनी फोटो काढा, एक फोटो दूरून, ज्यात खोली ओळखू येईल. तारीख आणि वेळ लिहून ठेवा. समोर दोन जाणते साक्षीदार असले तर बरं. मग प्लगवरून काढा, हात न लावता कापडाने धरून कागदी पाकिटात ठेवा आणि पाकीट चिकटवून त्यावर सह्या घ्या. सिम बाहेर काढू नका आणि स्वतःच्या फोनमध्ये तर मुळीच घालू नका. त्याने नोंदी बिघडतात आणि तुमचाच फोन तपासात ओढला जातो. यंत्रावर आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक) छापलेला असेल किंवा सिमवर ८९९१ ने सुरू होणारा लांब क्रमांक दिसत असेल, तर त्याचा फोटो घ्या. त्यावरून सिम कुणाच्या नावावर आहे आणि कोणत्या नंबरावरून त्याला फोन येत होते हे पोलिसांना कंपनीकडून काढता येतं. तुम्हाला ते कुणी देणार नाही आणि मागायचंही नाही.

तक्रार पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. १९३० या सायबर मदतवाहिनीवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ प्रमाणे संदेश बेकायदा अडवून ऐकण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. ते कलम तुमच्या तक्रारीला लागतं का, ते पोलिसांना किंवा वकिलाला विचारा. ते सिम तुमच्याच नावावर घेतलेलं असू शकतं, असंही घडतं. म्हणून संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते त्याच दिवशी पाहा आणि अनोळखी नंबर तिथेच ‘माझा नाही’ म्हणून कळवा. घरमालकावर आरोप करायची घाई करू नका, तुमच्या आधीच्या भाडेकरूचाही तो मल्टिप्लग असू शकतो. सिमवरून येणारी माहिती हातात येईपर्यंत घराचं कुलूप मात्र बदलून घ्या आणि जुन्या किल्ल्या किती जणांकडे आहेत ते विचारा.